रहस्यपटाचा ट्रेलर आणि कॅमेऱ्याची जागा

‘ट्रेलर’ हा शब्द आज घरोघर झाला आहे; पण त्याचा मूळ अर्थ ‘मागून ओढत येणारें’ असा आहे, याची आठवण फारशी कोणाला नसते. अमेरिकेंतील चित्रपटगृहांत आगामी चित्रपटाची जाहिरात आरंभीं चालू खेळाच्या शेवटीं जोडली जात असे, म्हणून तिला हें नांव पडलें. खेळ संपला कीं प्रेक्षक उठून चालूं लागतो, हें ध्यानांत आल्यावर ती खेळाच्या आधीं आली. नांव मात्र मागचेंच राहिलें.

अशी दीड-दोन मिनिटांची जाहिरात तयार करण्याचें काम आतां चित्रपटसंस्थांपुरतें राहिलेलें नाहीं. महाविद्यालयांतून माध्यमविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना, कधीं न निघालेल्या आणि बहुधा कधीं न निघणाऱ्या चित्रपटाचा ट्रेलर स्वतः तयार करून आणावयास सांगतात. आणि विषयाची निवड त्यांच्यावर सोपविली कीं पुष्कळसे गट रहस्यपटाकडे वळतात. कारण उघड आहे. प्रेमकथेला देखणा नट लागतो, ऐतिहासिक कथेला घोडा लागतो. रहस्यकथेला काळोख आणि जिना एवढें पुरतें, आणि हीं दोन्ही घरचीं असतात. घरांतील वडील मंडळींना या उद्योगाची वर्दी लागते ती बहुधा संध्याकाळीं सर्व दिवे एकाएकीं मालवले गेल्यावर.

परंतु नुसत्या काळोखानें आणि जिन्यानें भीति उत्पन्न होत नाहीं. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाहीं, यांतून ती उत्पन्न होते. कॅमेरा कोठें ठेवावा, किती उंचीवर ठेवावा, किती जवळ न्यावा, हे सारे प्रश्न या एका प्रश्नाच्या पोटांतले आहेत. आणि त्यांचीं उत्तरें चित्रीकरणाच्या जागीं जाऊन नव्हे, तर घरीं कागदावर शोधावीं लागतात.

रहस्यपटांचा विख्यात दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यानें फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशीं केलेलीं संभाषणें १९६६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यानें धक्का आणि उत्कंठा यांतील भेद एका दृष्टांतानें समजावून दिला आहे. दोन माणसें टेबलाशीं बसून कांहींतरी बोलत आहेत. अकस्मात् टेबलाखालीं बाँब फुटतो. प्रेक्षक दचकतो आणि पंधरा सेकंदांत सर्व आटोपतें. आतां तोच प्रसंग असा घ्यावा कीं, बाँब ठेवला जातांना प्रेक्षकानें पाहिला आहे, तो एक वाजतां फुटावयाचा हें त्यास ठाऊक आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळांत पाऊण वाजला आहे. गप्पा त्याच, पण आतां त्यांतील शब्दन् शब्द जिवावर येतो, आणि पंधरा सेकंदांच्या जागीं पंधरा मिनिटें प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो. दोन प्रसंगांत फरक केवढा? कॅमेऱ्यानें एकदां टेबलाखालीं डोकावून पाहिलें, एवढाच. म्हणून कोणताहि शॉट ठरवितांना विद्यार्थ्यानें प्रथम हें विचारावें, कीं या क्षणीं प्रेक्षकाला कथेंतील पात्रापेक्षां अधिक ठाऊक असावें, कमी असावें, कीं बरोबर तेवढेंच असावें? अधिक ठाऊक व्हावयाचें असेल, तर कॅमेरा पात्राला सोडून त्याच्या पाठीमागें काय चाललें आहे तें पाहूं शकतो. कमी ठाऊक असावें असें वाटत असेल, तर तो मिटलेल्या दाराच्या अलीकडे थांबतो. तेवढेंच हवें असेल, तर तो पात्राच्या खांद्याशीं उभा राहून त्याच्याबरोबर चालतो.

ट्रेलरच्या बाबतींत याला आणखी एक मर्यादा पडते. चित्रपटाला शेवटीं उत्तर द्यावें लागतें. ट्रेलरला उत्तर द्यावयाचेंच नसतें. हिचकॉकच्या ‘सायको’चा १९६० सालचा ट्रेलर या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. सहा मिनिटांहून लांब असलेल्या या ट्रेलरमध्यें हिचकॉक स्वतः घर दाखविणाऱ्या दलालासारखा येतो, आणि तें मोटेल, तो जुना बंगला, तो जिना, तें स्नानगृह अशी एक-एक जागा प्रेक्षकाला हिंडवून दाखवितो. येथें काय घडलें तें सांगूं लागतो आणि मध्येंच थांबतो. शेवटीं तो स्नानगृहाचा पडदा बाजूस सारतो, आणि किंकाळी फोडणारा एक चेहरा दिसतो. तो चेहरा ज्या नटीचा त्या स्नानगृहांत खून होतो तिचा नव्हे. केसांचा टोप घातलेल्या व्हेरा माइल्स या दुसऱ्या नटीचा आहे. जागा सर्व दाखविल्या, गोष्ट मात्र हातीं लागूं दिली नाहीं. ज्या विद्यार्थ्यांच्या हातीं एक जुनें घर आणि दोन पात्रें याखेरीज कांहीं नाहीं, त्यांनीं या ट्रेलरवरून धीर घ्यावा.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण कल्पून घेणें बरें. समजा, पुण्याच्या जुन्या पेठेंतील एक वाडा लवकरच पाडला जाणार आहे, आणि चार विद्यार्थ्यांना तो एक संध्याकाळ व दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत मिळाला आहे. त्यांच्या कथेंत एक मुलगी आजीपाशीं राहते. माडीवरची एक खोली कित्येक वर्षें कुलूपबंद आहे. तिची किल्ली माजघरांतील खुंटीवर असते. एका रात्रीं खुंटी रिकामी दिसते. ट्रेलर ८० सेकंदांचा करावयाचा आहे, आणि पाहणाऱ्याच्या मनांत एकच प्रश्न उरावयास हवा : किल्ली कोणीं नेली?

योजना न करतां हे चौघे तेथें गेले तर काय होईल, तें सांगावयास ज्योतिषी नको. जें जें भयानक वाटेल तें तें टिपलें जाईल. जाळीं-जळमटें, कुरकुरणारें दार, मुलीचे विस्फारलेले डोळे, पुन्हां जळमटें. दोन दिवसांनीं संगणकासमोर बसल्यावर असें आढळेल, कीं पन्नास तुकडे आहेत पण एकाला दुसरा जुळत नाहीं. एकांत मुलगी जिना डावीकडून उजवीकडे चढते, दुसऱ्यांत उजवीकडून डावीकडे; एकांत तिची वेणी पुढें, दुसऱ्यांत पाठीवर; आणि ज्या किल्लीसाठीं हा सारा खटाटोप ती एकाहि तुकड्यांत धड ओळखूं येत नाहीं. तोंवर वाड्याभोवतीं पत्रे उभे राहिलेले असतात, आणि राहिलेला एक शॉट घेण्यासाठीं कोणी वाडा पुन्हां बांधून देत नाहीं.

म्हणून आधीं कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यांत ‘काय दिसतें’, दुसऱ्यांत ‘त्यावरून प्रेक्षकाला नवें काय कळतें’, तिसऱ्यांत ‘काय ऐकूं येतें’. पहिला रकाना सर्वांचा भराभर भरतो. खरी परीक्षा दुसऱ्याची आहे. ज्या शॉटपुढें दुसरा रकाना कोरा राहील, तो कितीहि सुंदर असला तरी त्यावर काट मारावी. जळमटांचे निम्मे शॉट येथेंच गळतात. यानंतर प्रत्येक शॉटसाठीं पडद्याच्या आकाराची एक लहान चौकट आंखून तींत चित्र काढावें. चित्रकला येत नाहीं ही सबब चालण्यासारखी नाहीं. गोल डोकें आणि काडीचे हातपाय पुरे होतात, कारण येथें पाहावयाचें तें एवढेंच, कीं माणूस चौकटीत केवढा दिसतो, कोणत्या बाजूला आहे आणि कोणीकडे पाहतो. ही रीत परदेशांतून कालपरवां आलेली नव्हे. मूकपटांच्या काळांत कोल्हापूरचे बाबूराव पेंटर वेषभूषेचीं, पात्रांचीं आणि त्यांच्या हालचालींचीं रेखाचित्रें आधीं काढीत असत. सत्यजित राय यांनीं ‘पथेर पांचाली’ (१९५५) काढण्यापूर्वीं रीतसर पटकथेच्या ऐवजीं चित्रांची एक वहीच तयार केली होती. हिचकॉकच्या ‘सायको’मधील स्नानगृहाच्या प्रसंगासाठीं सॉल बॅस या चित्रकारानें चौकटींमागून चौकटी काढून दिल्या होत्या, तरीहि त्या एका प्रसंगाच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. कागद नसता तर किती लागले असते, याचा हिशेब न केलेला बरा.

चित्रांच्या जोडीला घराचा नकाशा हवा. माजघर, जिना, माडी यांची साधी आखणी करून कॅमेरा जेथें जेथें उभा राहील तेथें बाण काढावा. हा नकाशा पुढें फार उपयोगी पडतो, तो कसा हें यथावकाश येईल.

आतां कोन. खुंटीवरची किल्ली हीच गोष्ट घेऊं. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तर किल्ली ही दिनदर्शिका, चाळणी आणि पिशव्या यांच्या गर्दीतील एक वस्तु होते. प्रेक्षक तिला पाहतो पण तिची दखल घेत नाहीं. कॅमेरा एकदम किल्लीजवळ नेला, तर वस्तु कळते पण ती कोठें आहे हें कळत नाहीं. दोहोंचा संबंध जोडावा लागतो. हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मध्यें (१९४६) तो कसा जोडला आहे तें प्रसिद्धच आहे. मोठ्या दिवाणखान्यांत मेजवानी चालू आहे. कॅमेरा अगदीं उंचावरून ती सारी झगमग पाहतो, आणि मग एकसंध खालीं उतरत-उतरत नायिकेच्या मुठींतील एका लहानशा किल्लीवर येऊन थांबतो. एवढ्या थाटामाटांत महत्त्वाची वस्तु एकच, हें एक शब्द न उच्चारतां सांगून होतें. विद्यार्थ्यांपाशीं तसें उंच यंत्र नसतें आणि त्याची गरजहि नाहीं. माडीच्या कठड्यावरून खालचें माजघर दिसत असेल तर तेथून एक दूरचा शॉट घ्यावा, व लगेच त्याला किल्लीचा जवळचा शॉट जोडावा. अर्थ तोच निघतो. प्रेक्षकाची नजर नेमकी तेथेंच जावी म्हणून हिचकॉकनेंच ‘सस्पिशन’मध्यें (१९४१) एक गमतीची युक्ति केली होती. नायक जिन्यावरून दुधाचा पेला घेऊन येतो. त्या दुधांत विष असेल काय, ही शंका. सबंध जिना अंधारलेला आणि पेला मात्र पांढराशुभ्र उजळलेला दिसावा, म्हणून त्यानें पेल्यांतच एक लहान दिवा बसविला होता. किल्लींत दिवा बसवितां येणार नाहीं हें खरें. पण टेबलावरचा वाचनाचा दिवा एका बाजूनें खुंटीवर रोखून बाकीची खोली काळोखांत ठेवणें कोणालाहि जमेल.

खालून पाहिलें म्हणजे माणूस मोठें व दरारा वाटणारें दिसतें, वरून पाहिलें म्हणजे लहान व असहाय दिसतें, हें प्रत्येक पाठ्यपुस्तकांत असतें. विद्यार्थी तें वाचतात आणि प्रत्येक शॉट खालून नाहीं तर वरून घेऊं लागतात. मग कशालाच कांहीं अर्थ उरत नाहीं. सबंध ट्रेलरमध्यें आजी डोळ्यांच्या उंचीवरूनच दिसावी : भाजी निवडतांना, वाती वळतांना, हंसतांना. आणि एकदांच, एकाच शॉटमध्यें, मुलगी जमिनीवर बसली असतां ती तिच्या जागेवरून खालून वर दिसावी, बल्बचा उजेड तिच्या पाठीमागें आणि चेहरा छायेंत. कांहीं न बोलतां प्रेक्षकाच्या मनांत पाल चुकचुकते. हाच शॉट तीनदां दाखविला तर पाल चुकचुकत नाहीं. प्रेक्षक आजीला खलनायिका ठरवून मोकळा होतो.

कॅमेरा तिरपा धरून सारें जग कलतें दाखविण्याचा मोह त्याहून मोठा. कॅरल रीडच्या ‘द थर्ड मॅन’मध्यें (१९४९) युद्धानें मोडलेल्या व्हिएन्ना शहरांत कोण खरा आणि कोण खोटा हें नायकाला उमगत नाहीं, म्हणून रस्ते, जिने, चेहरे सारेंच कललेलें दिसतें. तो कल कथेंतून आलेला आहे, आणि छायालेखक रॉबर्ट क्रास्कर याला त्या कामाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें. तरीसुद्धां दिग्दर्शक विल्यम वायलर यानें तो चित्रपट पाहून रीडला गवंड्याची पाणसळ भेट पाठविली, असें सांगतात. मुरलेल्या दिग्दर्शकाचीहि जेथें अशी थट्टा झाली, तेथें नवशिक्यानें ८० सेकंदांत एकदांच, खुंटी रिकामी दिसते त्या क्षणीं, कॅमेरा कलता करावा आणि पुन्हां सरळ धरावा.

वरून घेतलेल्या शॉटविषयीं एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. मुलगी जिना चढते आहे, कॅमेरा माडीवर आहे, आणि कठड्याचे गज चौकटींत पुढें आले आहेत. हें चित्र पाहतांच प्रेक्षक समजतो कीं, वर कोणीतरी दडून तिला पाहत आहे. कॅमेऱ्यानें डोळ्याची जागा घेतली कीं तो डोळा कोणाचा, हा प्रश्न आपोआप उठतो. कथेंत माडीवर खरोखर कोणी असेल तर शॉट अवश्य घ्यावा. नसेल तर ती शुद्ध फसवणूक आहे. ट्रेलरनें लपवावें, खोटें सांगूं नये. ‘सायको’च्या ट्रेलरमध्यें चेहरा दुसरा होता, पण स्नानगृह तेंच होतें आणि तेथें घडलेला खूनहि खराच होता.

नकाशाचा उपयोग सांगावयाचा राहिला होता. मुलगी आणि जिन्याचें वरचें टोक यांना जोडणारी एक सरळ रेषा नकाशावर काढावी. पहिला शॉट या रेषेच्या ज्या बाजूनें घेतला, त्याच बाजूला कॅमेऱ्यानें शेवटपर्यंत राहावें. फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर पाहतांना मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात. मध्येंच पलीकडून चित्र दाखविलें तर आपलाच खेळाडू आपल्याच गोलाकडे चेंडू नेतो आहे असें वाटेल. जिन्यावर तेंच होतें. रेषा ओलांडली कीं चढणारी मुलगी घाबरून परत फिरली असा भास होतो. याच बाजूला राहून कॅमेऱ्याची जागा बदलतांना ती पुरेशी बदलावी. चार बोटें सरकवून घेतलेले दोन शॉट जोडले तर चित्र नुसतें उडी मारल्यासारखें दिसतें. छायालेखकांचा अंगवळणीं पडलेला नियम निदान ३० अंशांचा आहे.

नजरेचेंहि तसेंच. मुलगी चौकटींत उजवीकडे वर पाहते. पुढच्या शॉटमध्यें खुंटी. दोहोंमध्यें कोणीं कांहीं सांगितलेलें नसतें, तरी ती खुंटीकडेच पाहते आहे असें प्रेक्षक धरून चालतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यानें या गोष्टीचा एक प्रयोग केला होता. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच भावरहित चेहरा त्यानें निरनिराळ्या चित्रांना जोडला : कधीं सूपची थाळी, कधीं शवपेटी. चेहरा तोच, पण पाहणारांना त्यांत एकदां भूक दिसली, एकदां शोक दिसला. हौशी मंडळींना हा प्रयोग म्हणजे वरदानच समजावयास हरकत नाहीं. वर्गमैत्रिणीकडून भयाचा अभिनय करवून घेण्यांत तास मोडतात, आणि शेवटीं दांतदुखीचा भास होतो. तिला केवळ ‘उजवीकडे वर पाहा आणि तीन सेकंद पापणी लववूं नकोस’ एवढेंच सांगावें. भीति पुढच्या शॉटनें येईल.

भीतीची वस्तु दाखवावी कीं न दाखवावी? फ्रिट्झ लांगच्या ‘एम्’ या जर्मन बोलपटांत (१९३१) एका बालिकेचा खून होतो, पण खून दिसत नाहीं. ती चेंडू खेळत येते. खुन्याला पकडून देणाराला बक्षीस जाहीर करणाऱ्या भित्तिपत्रकावर एका पुरुषाची सावली पडते. मग आई हांका मारते : रिकामा जिना, जेवणाच्या टेबलावर मांडलेली रिकामी थाळी, झुडपांतून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. तेवढ्यानें पाहणाऱ्या आईबापांच्या पोटांत गोळा येतो, तो रक्तानें आला नसता. ‘जॉज्’ (१९७५) काढतांना स्टीव्हन स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क मासा समुद्रांत वारंवार बिघडत राहिला, म्हणून त्यानें पुष्कळ वेळ मासा न दाखवितां पाण्याखालून माशाच्या दृष्टीनेंच पाहिलें. आणि ती अडचणच चित्रपटाला लाभली. वाड्यांत हें तत्त्व वापरावयाचें म्हणजे किल्ली नेणारा हात दाखवावयाचा नाहीं. आजीचें रिकामें अंथरूण दाखवावें, दाराशीं असलेल्या वहाणांच्या दोन जोडांपैकीं एकच उरलेला दाखवावा, बंद खोलीच्या दाराखालच्या फटींत उजेडाची एक रेघ दाखवावी. रेघ मध्येंच क्षणभर तुटते. आंतून कोणी चाललें असावें. यासाठीं लागतो एक विजेरी दिवा आणि आंत चालणारा एक मित्र.

अगदीं जवळचा शॉट कधीं घ्यावा, याचा धडा पुण्यांतच आहे. ‘प्रभात’ कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आल्यावर तिनें तेथें काढलेला पहिला बोलपट ‘अमृतमंथन’ (१९३४). त्याच्या हिंदी आवृत्तींत राजगुरूचें काम करणाऱ्या चंद्रमोहनचा एकच डोळा व्ही. शांताराम यांनीं दूरभिंगाच्या साह्यानें पडदाभर दाखविला, आणि तो डोळा पाहिलेले लोक कथा विसरले तरी डोळा विसरले नाहींत. आज त्याच आवारांत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पण असा डोळा एकच असावा. दर दोन सेकंदांनीं मुलीचा डोळा पडदाभर दिसूं लागला, तर प्रेक्षकाला नेत्रवैद्याच्या जाहिरातीची आठवण होईल.

जिना म्हटला कीं हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’मधील (१९५८) मनोऱ्याच्या जिन्याची आठवण होतेच. कॅमेरा सरकत असतांनाच भिंगानें चित्राचें मान उलट दिशेनें बदलत जातें, आणि पायऱ्यांची विहीर डोळ्यांदेखत लांबत जाते. हा शॉट खऱ्या उंचीवर घेण्यास ५०,००० डॉलर लागतील असा अंदाज निघाला. तेव्हां जिन्याची लहान प्रतिकृति करून ती जमिनीवर आडवी ठेवली आणि काम १९,००० डॉलरांत भागविलें. विद्यार्थ्यांनीं यांतून काटकसर शिकावी, शॉट मात्र सोडून द्यावा. फोनवर बोटांनीं चित्र मोठें केलें म्हणजे बहुधा तें पिसकटतें. चालावयाचेंच असेल तर पायांनीं चालून जवळ जावें.

तांत्रिक गोष्टी थोड्या आहेत, पण त्या चुकल्या तर बाकीचें वायां जातें. पहिली ही, कीं काळोख दाखविण्यासाठीं प्रकाश लागतो. खरोखरच्या अंधारांत फोनचा कॅमेरा चित्रांत वाळूसारखी खर उमटवितो. त्यापेक्षां दिवेलागणीच्या वेळीं, आकाशांत निळसर उजेड शिल्लक असतांना, चौकांतले शॉट घ्यावेत; खिडकीबाहेर निळें आणि घरांत पिवळा दिवा, हें रात्रीचें चित्र खऱ्या रात्रीपेक्षां अधिक पटतें. ही वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटें टिकते, म्हणून त्या वेळचे शॉट कोणते हें आधींच ठरलेलें असावें. दुसरी गोष्ट, उजेडाचें मान आणि भिंगाचा रोख फोनवर कायम करून ठेवावा. नाहींतर पात्र दिव्यासमोरून जातांच चित्र आपणहून उजळतें आणि सारा परिणाम ओसरतो. तिसरी, आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे; म्हणून चित्राची गति सेकंदाला २५ चौकटी आणि झडपेचा वेग एकपन्नासांश सेकंद ठेवल्यास दिव्यांची लुकलुक चित्रांत येत नाहीं. फोन आडवा धरावयाचा, हें सांगण्याची पाळी येऊं नये.

तिसरा रकाना आवाजाचा होता. त्यांत बहुतेक गट ‘भीतिदायक संगीत’ असे दोन शब्द लिहून पुढें जातात. शांतारामांच्याच ‘कुंकू’मध्यें (१९३७) पार्श्वसंगीत नाहीं; घरांतले खरेखुरे आवाजच तेथें संगीताचें काम करितात. वाड्याला स्वतःचे आवाज पुष्कळ असतात : कडी, रहाट, लाकडी पायरी, दुपारचीं कबुतरें. ते जवळून निराळे टिपून घ्यावेत, आणि कोणी कांहीं न बोलतां नुसत्या घराची अर्धा मिनिट शांतताहि टिपून ठेवावी, कारण जोडकामांत तुकड्या-तुकड्यांमधील पोकळी तीच बुजविते. किंकाळी हवीच असेल तर ती दुसऱ्या दिवशीं दुपारीं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीं सांगून घ्यावी.

आतां ८० सेकंदांची वांटणी. पहिल्या २५ सेकंदांत ६ शॉट, प्रत्येक सुमारें चार सेकंदांचा : वाडा, आजी, मुलगी, माडीचें कुलूप, खुंटी, किल्ली. येथें घाई केली तर पुढें गमावलेल्या वस्तूची किंमतच कळत नाहीं. नंतरच्या ३५ सेकंदांत सुमारें २० शॉट, आरंभीं तीन सेकंदांचे आणि शेवटीं सेकंदाहून लहान : रिकामी खुंटी, अंथरूण, वहाणा, जिना, दाराखालची रेघ, आजी खालून. मग दोन सेकंद पडदा काळा व आवाज पूर्ण बंद. नंतर आठ सेकंदांचा एकच शॉट, आणि उरलेले दहा सेकंद नांवासाठीं. हे २७ शॉट कथेच्या क्रमानें घेऊं नयेत. माजघरांतले सर्व एका दमांत घ्यावेत, मग जिन्यावरचे, मग माडीवरचे. दर वेळीं ट्रायपॉड हलविण्यांत आणि दिवे लावण्यांत अर्धी रात्र जाते. प्रत्येक शॉटला क्रमांक देऊन तो आरंभीं कॅमेऱ्यासमोर धरावा, आणि झाला कीं कागदावर खूण करावी. वेणी पुढें होती कीं मागें, हें एकानें फक्त पाहत राहावें; त्याला दुसरें काम देऊं नये.

आठ सेकंदांचा तो शॉट कोणता? खुंटीचाच. पहिल्या खेपेस जेथून घेतला होता तेथूनच, त्याच उंचीवरून, तोच दिवा ठेवून. कॅमेरा जराहि हलावयाचा नाहीं. यासाठीं पहिल्या शॉटच्या वेळींच ट्रायपॉडच्या तिन्ही पायांशीं जमिनीवर खडूनें खुणा कराव्यात. चौकट अगदीं तीच असली तरच प्रेक्षक आपणहून दोहोंची तुलना करितो. किल्ली पुन्हां खुंटीवर आहे. पण तिची सुतळी अजून मंद हेलकावे खात आहे. हेलकावा थांबावयाच्या आधींच चित्र तोडावें.

जोडकाम पुरें झाल्यावर, कथा मुळींच ठाऊक नसलेल्या शेजारच्या एखाद्या काकूंना हा ट्रेलर एकदांच दाखवावा, आणि ‘कसा वाटला?’ असें न विचारतां ‘तुम्हांला काय जाणून घ्यावेंसें वाटतें?’ असें विचारावें. ‘कसा वाटला’ याचें उत्तर शेजारधर्मानें नेहमीं ‘छान’ असेंच येतें. काकूंनीं ‘किल्ली परत कोणीं आणून लावली?’ असें विचारलें तर कांहीं करावयाचें उरलें नाहीं. त्यांनीं ‘आजीनें असें का केलें?’ असें विचारलें, तर खालून घेतलेला आजीचा शॉट सेकंदभर कमी करावा. आणि ‘कसली किल्ली?’ असें विचारलें, तर वाड्याचे धनी अजून कांहीं दिवस थांबतील काय, तें त्याच संध्याकाळीं जाऊन पाहावें.